गच्चीवरचं नरसाळं : मे ते ऑक्टोबरच्या प्रकल्प नोंदी

६ मे

वही सुरू. विद्यार्थी दोन, केतकी आणि सोहम, दोघंही एस.वाय.ला. मी लॅब असिस्टंट, म्हणून नोंदी माझ्याकडे. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "मुलं आकडे लिहितात, काय चुकलं ते लिहीत नाहीत. ते तुम्ही लिहा." तेव्हा या वहीत चुकलेलंच जास्त सापडेल.

प्रश्न असा आहे. कॉलेजमागच्या तलावात पूर्वी जी गटारं यायची ती काही वर्षांपूर्वी वळवली. (तलावाचं नाव लिहीत नाही, आसपासच्या सोसायट्यांशी रोजची ऊठबस आहे.) कठडा झाला, कारंजं आलं, सकाळी चालणाऱ्यांसाठी फरशी आली. तरी दर उन्हाळ्यात पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं होतं ते होतंच. ठाणं हे तलावांचं शहर, आणि तलावपाळीला जा नाहीतर उपवनला, हिरव्या पाण्याचं खापर निर्माल्य टाकणारे आणि माशांना पाव घालणारे यांच्यावरच फुटतं. मॅडमना शंका आहे की वरूनही काही पडतंय. हवेतलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, जे शेवाळाला खतासारखं लागतं.

सामान : कलरीमीटर (द्रावणाचा रंग किती गडद ते मोजणारं यंत्र) एक, प्लॅस्टिकची नरसाळी तीन, पाच लिटरचे कॅन तीन. नरसाळ्याचा व्यास २० सेंमी, म्हणजे तोंड ३१४ चौरस सेंमीचं. एक मिमी पाऊस पडला की कॅनमध्ये ३१ मिलि आणि वर थोडं पाणी यायला हवं. तितकं आलं नाही तर कुठेतरी गळतंय असं समजायचं.

९ मे

सोहमचा पहिला प्रश्न, आणि तो वहीत यायलाच हवा : "काका, हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. मग त्यात प्रदूषण कसलं?"

ते ७८ टक्के निरुपद्रवी आहे. दोन अणूंनी एकमेकांना तीन बंधांनी आवळलंय, ते सहसा कुणाचं ऐकत नाहीत. झाडालासुद्धा ते थेट खाता येत नाही. ती मिठी सुटते विजेच्या कडकडाटात, किंवा तूर-मुगाच्या मुळांवरच्या गाठींत बसलेल्या जिवाणूंकडून. माणसाने ती सोडवली १९०९ साली. फ्रिट्झ हाबरने प्रयोगशाळेत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया काढून दाखवला आणि १९१३ मध्ये कार्ल बॉशने जर्मनीत ओपाऊला त्याचा कारखाना उभा केला. युरियाचं पोतं तिथून आलं. दुसरी वाट आपण ठरवून काढलेली नाही : इंजिन आणि भट्टी. तिथल्या उष्णतेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन हवेतल्या हवेतच जुळतात.

हे सुटलेलं नत्र म्हणजे अमोनिया, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि नायट्रिक आम्ल. आम्हाला मोजायचं आहे ते हे.

१४ मे

आज दिवस वाया गेला, पण असा वाया गेला की त्यावर दोन पानं खर्चायला माझी हरकत नाही.

सकाळी प्रमाणित द्रावणं केली. पोटॅशियम नायट्रेट रात्रभर ओव्हनमध्ये वाळवून ०.७२१८ ग्रॅम, लिटरभर पाण्यात. हा आकडा इतक्या वेळा तोललाय की झोपेत विचारलात तरी सांगेन. अमोनियासाठी इंडोफिनॉलची पद्धत : फिनॉल, हायपोक्लोराइट आणि चिमूटभर नायट्रोप्रुसाइड. पाण्यात अमोनिया असला तर तासाभरात निळा रंग चढतो, जितका जास्त तितका गडद. नुसत्या डिस्टिल्ड पाण्याच्या नळीत काही यायला नको. त्या नळीला ब्लँक म्हणतात आणि सगळा हिशेब तिच्या जिवावर चालतो.

आमची ब्लँक निळी झाली. थोडीथोडकी नाही, पांढऱ्या कपड्यांना घालायच्या निळीसारखी.

केतकीचा चेहरा उतरला. सोहमला वाटलं डिस्टिलेशनच बिघडलं. यंत्रातून थेट ताजं पाणी घेतलं, तर ते स्वच्छ. मग लक्षात आलं की आधीचं पाणी काल संध्याकाळपासून बीकरमध्ये उघडंच होतं, आमच्याच टेबलावर. आणि पलीकडच्या टेबलावर एफ.वाय.च्या क्षार परीक्षणाची मांडणी. त्यात लायकर अमोनियाची, म्हणजे अमोनियाच्या तीव्र द्रावणाची बाटली, जिचं बूच गेल्या वर्षीच हरवलंय आणि जिच्या तोंडात मीच कागदाचा बोळा कोंबून ठेवलाय. सात-आठ फुटांवर बाटली, मधे फक्त हवा. रात्रभरात बीकरभर पाण्याने अमोनिया ओढून घेतला.

म्हणजे जे शोधायला निघालो ते आमच्याच टेबलावर घडून गेलं होतं. वाऱ्यात तरंगणारा वायू उघड्या पाण्याला टेकतो आणि पाणी त्याला सोडत नाही. पाऊस लागत नाही, गटार लागत नाही. मॅडमना सांगितलं तर त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, "बूच आणा."

१७ मे

बूच आणलं. त्याआधी मुलांनी हट्टाने एक रात्र काढून घेतली : चार बीकर, सारखं पाणी. एक बाटलीशेजारी, एक स्टोअरमध्ये, एक जिन्याच्या खिडकीत रस्त्याच्या बाजूला, आणि एक बाटलीशेजारीच पण वर वॉच ग्लास झाकून. सकाळी बाटलीशेजारचा गडद निळा, झाकलेला जवळजवळ कोरा, स्टोअरमधला कोरा. खिडकीतला अगदी फिकट, पांढऱ्या कागदावर धरला तरच दिसेल इतका. पण होता.

रस्त्याकडून अमोनिया कुठून येणार? एक तर खाली कचऱ्याचे डबे, दुसरं मुतारी, आणि तिसरं उत्तर ऐकून मुलं चकित झाली : पेट्रोल गाड्यांच्या धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. नायट्रोजनचे ऑक्साइड मोडता मोडता तो थोडा अमोनियाही तयार करतो. वायुरूपातला अमोनिया फार लांब जात नाही, उगमाजवळच जमिनीला-पाण्याला टेकतो. पण वाटेत आम्ल भेटलं तर त्याचा क्षार होतो, बारीक धूळ, आणि ती धूळ शेकडो किलोमीटर उडत जाते. हिवाळ्यात खाडीपलीकडचं काही दिसेनासं होतं त्या धुरक्यात हीपण असते.

१० जून

आला. दुपारी चारला अंधारून आलं, माजिवड्याकडून वारा सुटला आणि गच्चीवर पोचेपर्यंत पहिले टपोरे थेंब. केतकीने दर पाच मिनिटांनी बाटली बदलली, डोक्यावर छत्री न घेता. छत्रीचं पाणी नरसाळ्यात नको म्हणून! वीस मिनिटांत सर संपली. चारही बाटल्यांचं मिळून १९० मिलि, म्हणजे सहा मिमी.

पहिल्या बाटलीतलं पाणी दिसायलाच कोऱ्या चहासारखं. गाळून घेतलं. नायट्रेटचं (नायट्रिक आम्ल पाण्यात विरघळलं की उरतं ते) नायट्राइट करायचं आणि मग गुलाबी रंग आणायचा, ही जुनी पद्धत. चार नळ्या स्टँडवर ओळीने लावल्या : पहिली डाळिंबाच्या दाण्यासारखी, दुसरी गुलकंद पाण्यात कालवल्यासारखी, तिसरी फिकी, चौथी तान्ह्या बाळाच्या नखासारखी. कलरीमीटरवर पहिलीचं वाचन चौथीच्या तिपटीच्या वर. वीस मिनिटांत आकाश धुतलं जाताना हाताने पकडता आलं. दोन्ही मुलं बराच वेळ नळ्यांकडे बघत बसली होती, मीही.

हा गुलाबी रंग बराचसा रस्त्यांचा. घोडबंदर रोड, कापूरबावडी, सगळी अवजड वाहतूक. इंजिनात नायट्रिक ऑक्साइड बनतो, बाहेर आल्यावर त्याचा डायऑक्साइड, आणि उन्हात त्याचं नायट्रिक आम्ल. आम्ल धुळीला चिकटतं, थेंबात विरघळतं, खाली येतं.

सोहमने पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) घेतला आणि हिरमुसला. साडेसहाच्या आसपास. "म्हणजे आम्ल पाऊस नाहीच!" अगदी स्वच्छ पावसाचाही पीएच ५.६ असतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. आमचा त्याहून वर. कारण आपल्याकडची चुनखडीची आणि बांधकामाची धूळ आम्लाला मारून टाकते, अमोनियाही हातभार लावतो. पण आम्ल मेलं म्हणून नत्र गेलं असं नाही. नायट्रेट तिथेच आहे, फक्त चावत नाही. पीएच बघून "आमच्याकडे काही नाही" म्हणणाऱ्याला ही चार नळ्यांची ओळ दाखवावी.

११ जून

ऊन. काही पडलं नाही. नरसाळं धुऊन ठेवलं.

१९ जून

झड लागलीय. दोन दिवसांत कॅनमध्ये चार लिटर, म्हणजे १२७ मिमी. गुलाबी रंग आता जेमतेम. नैऋत्येचा वारा थेट समुद्रावरून येतो, त्यात मिठाशिवाय फारसं काही नसतं. आणि आधीच्या सरींनी हवा धुऊन टाकली आहे. सोहम म्हणाला, "मग आता पावसाळाभर मोजण्यात अर्थ काय?"

अर्थ आहे, म्हणून गुणाकार करायला लावला. १० जूनला पाणी १९० मिलि आणि रंग गडद. आता रंग सहावा हिस्सा, पण पाणी वीसपटीहून जास्त. एकूण नायट्रेट या झडीतच जास्त पडलं, तिपटीच्या वर. फिका पाऊस गरीब दिसतो, पण दिवसभर देतच राहतो.

२७ जून

सकाळी नऊला केतकीचा फोन, "काका, अमोनियम छतापर्यंत गेलंय! वाचन स्केलच्या बाहेर!" (अमोनिया पाण्यात विरघळला की त्याचं अमोनियम होतं.) दोघंही हर्षभरित. कुठेतरी खताचा कारखाना वगैरे निघाला असणार असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

मी फॉस्फेट बघायला सांगितलं. फॉस्फेट असलं की मॉलिब्डेटने निळा रंग येतो. आला, गडद निळा. हवेतून नत्र भरपूर येतं, फॉस्फेट फारसं येत नाही. दोन्ही एकदम आली की वर बघायचं. वर पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर कबुतरांची रांग, आणि नरसाळ्याच्या आतल्या बाजूला पुरावा.

नमुना फेकला, तारीख वहीत खोडली नाही. उपाय : खराट्याचे हीर सेलोटेपने नरसाळ्याच्या काठाला उभे बांधले, कबुतराला बसताच येऊ नये असे. दिसायला मुकुट. कॅनमध्ये थायमॉलचे दोन खडेही टाकायला लागलो. थायमॉल म्हणजे ओव्याचंच सत्त्व, त्याने जिवाणू बसत नाहीत. नाहीतर पाणी दोन दिवस राहिलं की जिवाणू अमोनियम खाऊन टाकतात आणि आपण "कमी पडलं" असं लिहून मोकळे. आता गच्चीवर मुकुट घातलेलं आणि ओव्याचा वास येणारं नरसाळं उभं आहे. शिपाई विचारतो कसला नवस.

९ जुलै

दुसरं नरसाळं तलावाकाठच्या वडाखाली लावलं. तोच पाऊस, तोच दिवस. गच्चीवरच्यापेक्षा वडाखालचं पाणी नायट्रेटमध्ये दुपटीच्या आसपास. पाऊस नसताना पानांवर जे साठतं, वायू आणि धूळ, ते पहिल्या सरीने पागोळ्यांसारखं खाली येतं. याला कोरडं निक्षेपण म्हणतात. आमच्या गच्चीवरच्या कॅनला ते अर्धवटच दिसतं, कारण नरसाळं म्हणजे काही झाड नव्हे. पानं थोडं नत्र स्वतः पितातही, आणि पानातून थोडं बाहेरही धुतलं जातं, त्यामुळे हा आकडा सरळ हवेच्या नावावर टाकता येत नाही.

तिसरं नरसाळं येऊरला, केतकीच्या मावशीच्या अंगणात. तिथे पाऊस जास्त, रंग कमी. दोन वेळा मावशीच्या कोंबड्यांनी कॅन आडवा केला. येऊरची मालिका इथे संपली.

२१ जुलै

पाऊस इतका की बाहेर जाणं नाही. वाचन.

पावसातलं नत्र मोजणं ही काही नवी खोड नाही. इंग्लंडमध्ये रोदमस्टेडच्या शेतावर लॉज आणि गिल्बर्ट एकोणिसाव्या शतकातच हे मोजत होते. त्यांना मात्र काळजी उलटी होती : पिकाला फुकटचं खत किती मिळतं? तलावाच्या बाजूने विचार करायला लोकांना पुढे शंभरेक वर्षं लागली.

अमेरिकेत चेसापीक म्हणून मोठी खाडी आहे. तिच्यात पोचणाऱ्या नत्राचा साधारण एक तृतीयांश वाटा हवेतून येतो. आणि ज्या प्रदेशातली हवा तिथे नत्र आणून टाकते तो प्रदेश, तिला पाणी देणाऱ्या प्रदेशापेक्षा कितीतरी पट मोठा. पाण्याचं खोरं डोंगराच्या धारेवर संपतं. हवेच्या खोऱ्याला धार नाही.

कोलोराडोतल्या लॉक व्हेल इथली डोंगरमाथ्यावरची तळी मला जास्त पटली. तिथे ना शेत, ना गटार, ना निर्माल्य. तरीही तळातल्या गाळात थरावर थर जी डायटम शेवाळं साठली आहेत त्यांच्या जाती १९५०च्या सुमारास बदलतात. जास्त नत्रावर पोसणाऱ्या जाती वर येतात. खालच्या मैदानातली शेती, गोठे, गाड्या यांचं नत्र वाऱ्याने तिथवर गेलं.

सोहमने चांगला अडवला. म्हणाला, "नील-हरित शेवाळ स्वतःच हवेतलं नायट्रोजन धरतं. मग त्याला पावसाची काय गरज?" धरतं, पण सगळ्या जाती धरत नाहीत. आपल्याकडच्या तलावांवर रंगाच्या डब्यासारखी साय धरते ती बऱ्याचदा मायक्रोसिस्टिसची, आणि त्याला ते जमत नाही. त्याला तयार नायट्रेट-अमोनियम लागतं. ज्यांना जमतं त्यांनाही ते महाग पडतं, आयतं मिळालं तर कोण दळणकांडण करेल. दुसरी गोष्ट फॉस्फरसची. नुसत्या नत्राने तलाव हिरवा होत नाही, स्फुरदही लागतं. नॉर्वे-स्वीडनमध्ये जिथे नत्र भरपूर पडलं त्या तळ्यांमध्ये शेवाळाची भूक नत्रावरून स्फुरदावर गेलेली आढळली आहे. आमच्या तलावात स्फुरद कबुतरांच्या कृपेने आणि साबणाच्या पाण्याने कमी नाही, ते मोजलंय.

५ ऑगस्ट

आजचा हिशेब पावांचा. तलावाकाठी रोज सकाळी एक आजोबा लादी घेऊन येतात आणि माशांना घालतात. सोहम त्यांच्याशी भांडून आला. "आजोबा, तुमच्यामुळे तलाव सडतोय." आजोबा म्हणाले, "सिद्ध कर." मग करायलाच हवं.

एक पाव चाळीस ग्रॅमचा धरला. त्यात प्रथिनं साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे नत्र साधारण ०.६ ग्रॅम. तलाव हिशेबाला एक हेक्टर. दहा मिमी पाऊस पडला की त्यावर एक लाख लिटर पाणी. पावसात नायट्रेट आणि अमोनियम मिळून लिटरला अर्धा मिलिग्रॅम नत्र धरू. आमच्या वाचनांना धरून हा आकडा थोडा चढाच. लाख लिटरला पन्नास ग्रॅम. भागिले ०.६.

ऐंशीच्या वर पाव. एका बेताच्या पावसाच्या दिवसाला.

ठाण्यात मोसमाला अडीच हजार मिमीच्या आसपास पाऊस होतो. त्या हिशेबाने हेक्टरला साडेबारा किलो नत्र, म्हणजे वीस हजार पाव. सोहम कागद घेऊन आजोबांकडे गेला. ते खूश झाले आणि दुसऱ्या दिवसापासून दोन लाद्या आणायला लागले. हा परिणाम आम्ही धरला नव्हता.

१३ ऑगस्ट

साडेबारा किलोवर आम्ही आठवडाभर तरंगत होतो. आज उतरलो.

तलावाच्या चार कोपऱ्यांतून नमुने घेतले होते. तीन सारखे. चौथ्या, कारंज्यामागच्या कोपऱ्यात अमोनियम इतकं की नळी काळीनिळी. यावेळी कबुतर नाही. कठड्याखाली वाकून पाहिलं तर दगडांच्या फटीतून बोटभर धार, राखाडी, आणि वास सांगायची गरज नाही. शेजारच्या एका इमारतीची मैल्याची वाहिनी पावसाळी नाल्याला कुठेतरी जोडली गेली आहे. मॅडमनी त्या सोसायटीला पत्र दिलं. चेअरमननी "पाहतो" सांगितलं.

मग केतकीने एक साधा हिशेब केला, जो आम्ही मे महिन्यातच करायला हवा होता. माणूस दिवसाला दहा-बारा ग्रॅम नत्र मलमूत्रातून टाकतो. वर्षाला चार किलो. आमचे मोसमभराचे साडेबारा किलो म्हणजे तीन माणसं. एक छोटं कुटुंब. त्या धारेमागे अख्खी बिल्डिंग आहे.

सोहम म्हणाला, "मग बंद करू या का प्रकल्प?" केतकी काही बोलली नाही. मीही चहा सांगितला. मॅडमच्या शंकेला तीन महिने दिले आणि उत्तर फटीतून वाहत होतं.

२७ ऑगस्ट

चौदा दिवस कुणी वही उघडली नाही. आज केतकी एकटी आली, हातात दोन बाटल्या. एकीत कॉलेजच्या गच्चीच्या पन्हळीतून खाली येणारं पाणी. दुसरीत बागेतल्या मातीच्या वाफ्याखालून, जिथे माळ्याने पाणी जिरायला खडीची चारी काढली आहे, तिथून झिरपलेलं. पाऊस एकच, कालचा.

पन्हळीच्या पाण्यात नायट्रेट कॅनमधल्यापेक्षाही जास्त : गच्चीवर कोरडेपणी साठलेलंही धुऊन आलं. आता कबुतरं गच्चीवरही आहेत, त्यांचा वाटा यातून काढता येत नाही. पण वाफ्याखालच्या पाण्यात अमोनियम जवळपास शून्य. नायट्रेट थोडं. माती आणि मुळांनी वाटेत उचललं.

हे पाहिल्यावर आम्हाला आमची चूक कळली. आम्ही फक्त तलावाच्या पाठीवर पडणारा पाऊस मोजत होतो. पण तलावाकडे उतार कुणाकुणाचा आहे? गुगल मॅपवर बोट ठेवून मोजलं : कॉलेज, चार सोसायट्या, शाळेचं मैदान (त्यालाही आता पेव्हर ब्लॉक), दोन रस्ते. ढोबळ पंधरा हेक्टर. गटारं वळवली, पण पावसाळी पन्हळी आजही तलावातच येतात. त्या कुणाला गटार वाटत नाहीत. पंधरा हेक्टरवर साडेबारा किलोच्या दराने जे पडतं ते बहुतेक सगळं घसरत तलावात. १८७ किलो. तीन माणसांची पंचेचाळीस-सेहेचाळीस झाली.

हीच पंधरा हेक्टर पूर्वी शेत आणि झाडोरा होती, इथल्या जुन्या लोकांना आठवतं. तेव्हाही पाऊस नत्र आणतच असणार, कमी असेल. पण भातखाचर ते जिरवून घ्यायचं, शेतकरी उलट त्याची वाट बघायचा. आता त्याला उतरायला माती सापडत नाही.

सोहमला फोन केला. तो आला.

१० सप्टेंबर

दीड दिवसाचे गणपती झाले. तलावाशेजारी कृत्रिम हौद आहे, मूर्ती तिथे. निर्माल्य कलशाच्या बाहेरच जास्त. नमुने घेतले, आकडे वर. नवीन काही नाही.

मोदक मिळाले.

४ ऑक्टोबर

अहवालाची मांडणी. मॅडमनी विचारलं, "उपाय काय लिहिणार?" सोहमने एकदम गाड्या बंद करा असं लिहिलं होतं. त्याचे बाबा ट्रक चालवतात, न्हावाशेवा ते भिवंडी. त्यांनी घरी ते वाचलं आणि म्हणाले, "माझ्या गाडीला डिझेलच्या टाकीशेजारी युरियाची टाकी कशाला असते ते तुझ्या सरांना विचार."

खरंच विचारण्यासारखं आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे नियम आले. डिझेल गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोडायला ३२.५ टक्के युरियाचं द्रावण फवारतात. युरियापासून अमोनिया होतो, तो ऑक्साइडशी जुळून निरुपद्रवी नायट्रोजन होतो. डिझेल कारला स्टेज चारमध्ये किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमची मर्यादा होती, ती ८० झाली. हा फरक मोठा आहे. पण मात्रा चुकली तर उरलेला अमोनिया तसाच बाहेर पडतो, आणि तलावाच्या दृष्टीने नत्र ते नत्रच. बाबांनी आणखी एक सांगितलं, ते अहवालात घालता येणार नाही : द्रावणाचे पैसे वाचवायला कोण काय काय करतं ते.

मॅडमनी हवेची मानकं काढायला सांगितली. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत नायट्रोजन डायऑक्साइडला वार्षिक ४० मायक्रोग्रॅम, अमोनियाला १००, दर घनमीटर हवेत. हे आकडे श्वासाकडे बघून ठरवलेत. हवा मानकात असूनही वर्षभरात पाण्यावर किती पडलं, ते त्यातून निघत नाही. त्यासाठी कुणीतरी गच्चीवर नरसाळं ठेवावं लागतं. खाडीकाठी तर हे व्हायलाच हवं. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा) मिळाला, फ्लेमिंगो जे शेवाळ टिपतात त्याचा आणि नत्राचा संबंध उघड आहे. पण तो वेगळा प्रकल्प, आणि भरतीच्या पाण्यात कॅन लावणं माझ्या वयाला नको.

शेवटी उपायांत तीन ओळी राहिल्या : फटीतली धार बुजवा, पन्हळीचं पाणी तलावात सोडण्याआधी मातीच्या चारीतून, केळी-कर्दळीच्या वाफ्यातून न्या, शाळेच्या मैदानावरचे पेव्हर ब्लॉक काढा. तिसरी ओळ मॅडमनी पेन्सिलीने खोडली आणि मग खोडरबराने ती रेघ पुसली.

१८ ऑक्टोबर

फटीतली धार बंद. चेअरमननी खरंच पाहिलं. कोपऱ्यातला नमुना अजून निळा येतो, गाळात साठलंय ते हळूहळू सुटणार.

२५ ऑक्टोबर

पाऊस जाऊन दोन आठवडे. केतकी गच्चीवरून नरसाळं काढायला गेली आणि तसंच घेऊन आली, न धुता. आतून शंभर मिलि डिस्टिल्ड पाणी फिरवलं, हिरांसकट. पाणी करडं. गाळून नायट्रेट लावलं. दहा मिनिटांत गुलाबी, १० जूनच्या दुसऱ्या नळीइतकं. फॉस्फेट तपासलं, नाही.

थंडीत वारा पडतो, हवा शहरावर बसून राहते, तेव्हा बघायला हवं. कलरीमीटर जानेवारीपर्यंत मोकळा आहे. नरसाळं पुन्हा गच्चीवर, खाली कॅनऐवजी पाण्याची उथळ परात. पाणी आटेल, रोज भरायची पाळी सोहमची. लायकर अमोनियाच्या बाटलीचं बूच पाहिलं. आहे.